मलकापूरची फौज

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसायला लागल्या की माझ्या पोटात जळायला लागतं. दिवाळी सरते, सकाळी पंचगंगेवर धुकं उतरतं, कारखान्यांची धुराडी पेटतात आणि एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मोठ्यानं लावलेली गाणी, असा ऊस डोलत डोलत शहराच्या कडेनं जायला लागतो. वळणावर चार कांड्या खाली पडतात, मागची चाकं त्यांच्यावरून जातात आणि डांबराला गोडसर वास सुटतो. तो वास आला की लोकांना काकवी आठवते. मला सुजाता आठवते.

यंदा हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात पेपरात तिचा लेख आला. ती आता दिल्लीत एका संस्थेत परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करते, टीव्हीच्या पडद्यावर एका चौकटीत बसून बोलते. लेख दूरच्या एका युद्धावर होता. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो मला मोठ्यानं वाचायला लावला. त्यांचे डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत. मी वाचत गेले आणि ते मान हलवत गेले. जिथं जुलूम आहे तिथं स्वतंत्र देशांनी हातावर हात ठेवून बसायचं नसतं, असं काहीतरी शेवटी होतं. आप्पा म्हणाले, "कसं मांडती बघ की पोरगी!" मी पेपराची घडी घातली. जरा जास्तच जोरात घातली असावी, कारण आई आतून म्हणाली, "फाडू नकोस गं, कात्रण काढायचं असंल त्यांना."

बाकीची मुलं पाटीवर अक्षरं शिकली, मी पत्रकांवर शिकले. आप्पांची नदीकाठी थोडी शेती, सगळा ऊस. पण त्यांचं खरं पीक म्हणजे पत्रक. दर हंगामाला एक. पिवळ्या, गुलाबी, कधी पोपटी कागदावर. आमचा ऊस आम्ही कुणाला घालायचा, कारखान्याला घालायचा की गूळ करायचा, गूळ कुठं विकायचा, पोरीनं कुणाशी लग्न करायचं, कुणी काय खायचं, कुणी कुठल्या देवाला जायचं किंवा कुठल्याच देवाला जायचं नाही, यातलं काहीही ठरवायचा सरकारला अधिकार नाही. ‘सरकारने बांधाच्या अलीकडे पाय टाकू नये’, हे वाक्य दर वर्षी असायचंच. मी आणि आई पुढच्या सोप्यात बसून पत्रकांच्या घड्या घालायचो. नखानं घडी ओढली की शाई अंगठ्याला लागायची. मग कारखान्याच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या रांगेत मी पळत पळत ती वाटायची. ऊस बांधलेल्या दोरखंडात खोचायची, गाडीवानाच्या हातात द्यायची.

त्यातला शब्द न् शब्द मला खरा वाटायचा. अजून वाटतो. शाळेत एकदा कुणा मंत्र्याच्या स्वागताला आम्हाला उन्हात उभं केलं, तेव्हा मी लिंबाखाली जाऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदांवर हातानं पत्रक काढून वर्गात वाटलं. मथळा होता, ‘पाहुणा त्यांचा, ऊन आमचे’. बाईंनी आप्पांना बोलावून घेतलं. आप्पांनी ते उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार. "मधला स्वल्पविराम नको होता," एवढंच ते म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

कॉलेजात गेले तशी हंगामाला आणखी एक बाजू आली. उसाचं गळीत आणि वादविवाद स्पर्धा आमच्याकडं एकाच वेळी सुरू होतात. बाहेर ट्रॉल्यांचा गोंगाट, आत ‘सन्माननीय परीक्षक आणि विचारपीठा’चा. ज्यांनी या स्पर्धा पाहिल्या नाहीत त्यांना सांगायला हवं, की यात एका कॉलेजच्या दोघांची जोडी असते. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात. कोण कुठल्या बाजूला, ते चिठ्ठी ठरवते. दोघांच्या गुणांची बेरीज होते आणि त्या बेरजेवर फिरती ढाल मिळते. पण वैयक्तिक पहिला नंबर एकालाच. म्हणजे जोडीदार चांगला बोललाच पाहिजे आणि आपल्यापेक्षा चांगला मात्र बोलता कामा नये. एका माणसाचं मनापासून भलं चिंतायचं आणि त्याच वेळी त्याची जीभ अडखळावी म्हणून आतून धावा करायचा, हे शिक्षण मला मराठीच्या वर्गात मिळालं नाही, या स्पर्धांत मिळालं.

माझी जोडीदार सुजाता. मलकापूरची, शहरात मुलींच्या बोर्डिंगात राहणारी. आमच्याकडच्या बऱ्याच मुलींसारखी ‘मी जातो, मी येतो’ बोलायची आणि व्यासपीठावर गेली की एकदम छापील बोलायची. आवाज खालचा. मी हॉल दणाणून सोडायची, ती हॉलला पुढं झुकायला लावायची. तिच्या आजोबांनी जयंतीला लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांवरून आणलेल्या पुस्तिका त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत भरून होत्या, समता, धम्म, मजुरी, कायदा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं त्या सगळ्या वाचून काढलेल्या. पत्रकांवर वाढलेली माझ्याशिवायची ती पहिलीच मुलगी मला भेटली. त्यामुळं मैत्री लगेच झाली. आणि पोटात जळायला लागलं तेही त्यामुळंच. सिनेमावर वाढलेली कुणी असती तर मला काही वाटलं नसतं.

त्या वर्षी विषय आला : ‘परक्या देशातील जुलूम थांबवण्यासाठी सैन्य पाठवणे न्याय्य आहे.’ चिठ्ठीत ती बाजूनं, मी विरोधात. तालमीला आमचं घर ठरलं आणि परीक्षक म्हणून आप्पा सोप्यात पान लावत बसले.

मी आधी बोलले. आप्पांचंच सगळं, त्यांच्याच आवेशात. आपल्या घरात कुणी येऊ नये असं वाटतं, तर आपणही कुणाच्या घरात जाऊ नये. आप्पांनी सुपारी कातरली. "बरं झालं."

मग सुजाता उठली. "काका, तुमचं पत्रक मला पाठ हाय. त्यातलं एक वाक्य मी खोडत नाही. फक्त पुढं एक जोडतो."

आणि तिनं तिच्या मावशीची गोष्ट सांगितली. मावशी डोंगरापलीकडच्या गावात दिलेली. नवरा मारायचा, सासरा कोंडून घालायचा. सगळ्या गावाला आवाज जायचा आणि सगळं गाव म्हणायचं, त्यांच्या घरातली बाब आहे. एक दिवस सुजाताच्या आईनं गल्लीतल्या बायका गोळा केल्या, माणशी भाडं घेणारी वडापची जीप भरली आणि थेट मावशीच्या दारात. कडी तोडली. मावशीला बाहेर काढलं. "त्या गावाला माझी आई म्हणजे परकी फौज होती," सुजाता म्हणाली. "देशाचं सार्वभौमत्व, सार्वभौमत्व म्हणतात ते काय असतं? उंबरठाच असतो, जरा मोठा. घरात सरकार नको, हे कबूल. पण आतून किंकाळी आली तर उंबरठ्याचं नाव सांगून बाहेर थांबणारा माणूस स्वातंत्र्याच्या बाजूचा नसतो. तो मारणाऱ्याच्या बाजूचा असतो."

आप्पांच्या हातातलं पान हातातच राहिलं. "मग?" ते म्हणाले.

त्या एका ‘मग’साठी मी काय दिलं असतं! माझं बोलणं ते ऐकायचे, तपासायचे, स्वल्पविराम काढायचे. पण पुढं काय, असं त्यांना माझ्या बाबतीत कधी वाटलं नव्हतं. कसं वाटणार? माझ्या बोलण्यात पुढचं जे काही असे ते त्यांचंच असे.

ती पुढं बोलत राहिली. या विचाराला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, त्यावर भांडणारे लोक आहेत, तिनं लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर वाचलं होतं. देशाच्या आत सरकार जेवढं लहान तेवढं बरं, बाजार मोकळा, माणूस मोकळा. पण देशाबाहेर जुलमी राजवटी मोडायच्या असतील तर त्याच सरकारचा हात लांब आणि घट्ट हवा. कारण शेजारी हुकूमशहा असेल तर आपलं मोकळं अंगण किती दिवस मोकळं राहणार?

"आणि ह्या फौजेला कर कोण देनार?" आप्पांनी विचारलं.

"जो मोकळा आहे तो स्वखुशीनं देईल, काका."

"स्वखुशीनं कर!" आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पोरी, तू खरंच डोंगरातली हाईस. हितं मानूस स्वखुशीनं घरफाळा भरत न्हाय!"

पण ते हसणं वेगळं होतं. बरोबरीच्या माणसाशी हसतात तसं. त्या दिवसापासून आमच्या घरात सुजाता येणार असली की आप्पा शेतावरून लवकर परतायचे. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "दत्तकच घ्या की तिला. ह्या आमच्या पोरीला देऊ मलकापूरला." आप्पा म्हणाले, "अदलाबदल कशाला, दोन्ही ठेवू." आई हसली. मी हसले नाही.

खरं सांगायचं तर तो विचार काही नवा नव्हता. अख्खं कोल्हापूर त्याच विचारानं जगतं, फक्त त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. इथल्या माणसाला तुम्ही हेल्मेट घाल म्हणून सांगा, गाडी इथं लावू नको म्हणून सांगा, तो सरळ विचारेल, "तुमी कोन?" त्याच्या दारात कुणी शहाणपण घेऊन यायचं नाही. पण चौकात दोन अनोळखी माणसांची गाडीला गाडी घासू दे, हाच माणूस चहाचा कप तसाच ठेवून धावत जाईल. "काय झालं पावणं? कुनी दिली धडक? थांबा, आमी हाय." दोघांचं मिटत आलेलं असलं तरी हा मिटू देणार नाही. आमच्या भानगडीत कुणी पडायचं नाही, तुमची भानगड कुठं आहे तेवढं सांगा, आलोच. सुजातानं हे बाहेरून येऊन पाहिलं आणि त्याचं तत्त्वज्ञान केलं. मी इथंच जन्मले आणि मला ते दिसलं नाही. हेही जळतंच.

स्पर्धेच्या आधी आप्पांची एक रीत होती : बाजू बदलून बोलायचं. समोरच्याची बाजू जोवर आपल्या तोंडून नीट येत नाही तोवर आपलीही आलेली नाही, असं ते म्हणत. मी सुजाताची बाजू घेऊन उभी राहिले. कसं कोण जाणे, पण त्या दिवशी मला ना आवेश आणावा लागला ना आवाज चढवावा लागला. मी कडी तोडणाऱ्या बायकांबद्दल बोलले आणि माझा स्वतःचाच आवाज मला अनोळखी वाटला. आप्पा म्हणाले, "आज बोललीस बघ."

आज. म्हणजे आजवर जे बोलले ते काय होतं? माझं सगळ्यात चांगलं भाषण तिच्या विचाराचं होतं.

मग सुजाता माझी बाजू घेऊन उठली आणि सहज म्हणाली, "ज्या सरकारला उसाचा दर ठरवायची अक्कल नाही असं आपण दर हंगामाला म्हणतो, त्याच सरकारला परक्यांचा अख्खा देश दुरुस्त करायची अक्कल कुठून येणार?"

आप्पांनी मांडीवर थाप मारली. ते वाक्य माझं असायला हवं होतं. माझ्या घरातलं, माझ्या पत्रकांतलं, माझ्या बाजूचं. तिच्या विचारावरचं सगळ्यात धारदार उत्तरसुद्धा तिलाच सुचलं होतं.

"घे की," जाताना ती म्हणाली. "तुझ्याच बाजूचं हाय. मला काय उपयोग?"

तिनं ते खरंच मोकळ्या मनानं दिलं. मी स्पर्धेत ते घेतलं नाही. उसन्या वाक्यावर मी बोलणार नव्हते, आजही बोलणार नाही. तिला पहिला नंबर मिळाला, मला उत्तेजनार्थ, बेरजेत ढाल आमची. ढाल रिक्षात मावेना. आम्ही दोघींनी ती मांडीवर आडवी धरली आणि आप्पा पुढं ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लटकत बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुनाची पोरगी जिंकली?" आप्पा म्हणाले, "आमची." कुठली, ते त्यानं विचारलं नाही.

त्या हंगामाच्या पत्रकात आप्पांनी आपल्या जुन्या वाक्याखाली एक ओळ वाढवली : ‘पण बांधाच्या पलीकडेही माणूस राहतो.’ आमच्या शेजारचं गुऱ्हाळ दत्तूमामांचं. कढईतून रस उसळतोय, पाटावर गूळ ओततायत, कुणीही वाटसरू आला तरी त्याच्या हातात गरम गुळाचा गोळा पडतोय, अशा गर्दीत दत्तूमामांनी पत्रक मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "आप्पा, माझ्या बांधापलीकडं चुलता ऱ्हातोय. त्याला मानूस म्हनायचं व्हय?" सगळं गुऱ्हाळ हसलं. मला एवढंच दिसत होतं, की माझ्यासाठी एक शब्द न बदललेल्या माणसानं तिच्यासाठी एक ओळ वाढवली होती.

बांध कोरणं म्हणजे काय ते शेतीवाल्यांना माहीत आहे. शेजारी नांगरताना दर वर्षी बोटभर आत येतो. भांडण काढावं एवढं काही नसतं. पण काही वर्षांनी पाहावं तर बांध आपल्या उसाच्या पहिल्या सरीत आलेला असतो. मी खासगी मालमत्ता मानणारी मुलगी. माणसाच्या कष्टाचं फळ त्याचंच, हे माझं पहिलं तत्त्व. आप्पांचं लक्ष ही माझ्या घड्या घातलेल्या पत्रकांची, माझ्या शाई लागलेल्या अंगठ्यांची कमाई आहे, असं मला वाटत होतं. आणि त्याच तत्त्वानं हेही कबूल करावं लागतं, की एका माणसाचं लक्ष दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढत नसतं. त्यानं ते हवं त्याला द्यावं. तो मोकळा आहे. हे सगळं मला व्यवस्थित पटतं. पटूनही जळायचं थांबत नाही.

यंदा आप्पांना पेन धरवत नाही. "पत्रक तू लिही," ते दिवाळीतच म्हणाले होते. मला आभाळ ठेंगणं झालं. विषयही समोर होता. साखरेची निर्यात पुन्हा अडवलेली, आणि ज्या देशांत माल जायचा तिकडं युद्ध. आतलं आणि बाहेरचं एकाच कागदावर येणार होतं. पण तिचा लेख वाचून झाल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "न्हाईतर सुजाताला इचारूया? तिला येळ असला तर."

"मी लिहिणार आहे आप्पा."

"लिही की. मी कुठं नको म्हनलो? फकस्त तिचा हात फिरला असता तर..."

"तिचा हात फिरणार नाही."

बसले लिहायला. जे वाक्य येई ते आप्पांचं. त्यांचं बाजूला सारलं की खालून सुजाताचं. माझं म्हणून काही हाताला लागेना. एवढी पत्रकं वाटली, एवढ्या स्पर्धा बोलले, आणि माझ्या डोक्यात सगळे दुसरेच राहतात, मी नुसती दारात उभी, असं वाटायला लागलं.

आणि मग तिच्या आईची आठवण झाली. ढाल मिळाल्यावर सुजाता मला एकदा मलकापूरला घेऊन गेली होती. तिच्या आईनं मावशीची तीच गोष्ट पुन्हा सांगितली, पण अगदी साधी, बाजारला जाऊन आल्यासारखी. मी विचारलं होतं, तिथं किती दिवस राहिलात? ती माझ्याकडं बघतच राहिली. "ऱ्हातोय कशाला? आमी काय त्येंच्या घरात नांदाय गेलतो व्हय? भनीनं सांगावा धाडलेला, ये म्हनून. गेलो, तिला घेतली, आलो. वडापवाला हॉर्न वाजवालता. पानीसुदीक प्यालो न्हाय." शेजारी बसलेली मावशी शेंगा सोलत नुसती हसली होती.

सुजाता ही गोष्ट किती व्यासपीठांवर बोलली असेल. त्यातला हा भाग मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही.

मी लिहिलं : ‘मलकापूरची फौज बोलावल्यावर गेली. जिला सोडवायचे तिने स्वतः निरोप धाडला होता. फौजेने कडी तोडली, बाई बाहेर काढली आणि त्याच दिवशी माघारी आली. त्या घरावर आपली पाटी लावली नाही. त्या घरात पुढे कोण कारभारी, ते ठरवले नाही. कणगीतला दाणा उचलला नाही. जायला-यायला भाडे गेले ते ज्या बाया गेल्या त्यांच्याच पदराचे. अशी फौज ज्या सरकारकडे असेल त्याने ती खुशाल पाठवावी, आम्ही गुलाल उधळू. पण जी फौज जाते आणि राहते, आणि जिच्यासाठी इथे आमच्या गुळावर, साखरेवर, बोलण्यावर पहारा बसतो, ती फौज कडी तोडायला गेलेली नसते. ती दुसरी कडी घालायला गेलेली असते.’

आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग म्हणाले, "छापाय टाक." मी उठले तसं पाठीमागून आलंच, "सुजाताला एकदा दाखवून घेऊया का?"

"छापून झाल्यावर," मी म्हणाले.

काल दुपारी आम्ही दोघं गठ्ठा घेऊन दत्तूमामांच्या गुऱ्हाळावर गेलो. चुलवाणात उसाचं चिपाड धडधडत होतं, कढईवर पिवळा फेस चढत होता. आप्पा खाटेवर बसले. मी पत्रकाचा फोटो काढला आणि सुजाताला पाठवला, एक शब्दही न लिहिता. तिनं लगेच पाहिला. मग ती लिहितेय असं वर दिसायला लागलं. थांबलं. पुन्हा दिसलं. पुन्हा थांबलं. जी मुलगी परीक्षकांनी वेळ संपल्याची घंटा मारल्यावरही वाक्य पूर्ण करून बसायची, ती लिहीत होती आणि पुसत होती. मी फोन पदराखाली धरून ते बघत राहिले. इतका गोड पदार्थ त्या गुऱ्हाळावर दुसरा नव्हता.

दत्तूमामा हात पुसत आले, पत्रक लांब धरून सगळं वाचलं. ओठ हलवत, सावकाश. शेवटाला आले तेव्हा त्यांनी एकदा कढईकडं पाहिलं, एकदा आप्पांकडं.

"आप्पा, हे तुमचं न्हवं."

"न्हाय."

"कुनी लिवलंय? ती मलकापूरची?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "ही."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी वळून विचारलं, "काय म्हणालात आप्पा?"